खाऱ्या वाऱ्यातला इंधन घट : तीन पटलांच्या एका प्रयोगसंचाविषयी

हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज बनवणाऱ्या इंधन घटाच्या या प्रयोगसंचाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे की, त्यातील नवा प्लॅटिनम उत्प्रेरक ‘चारपट कार्यक्षम’ आहे. मालवणजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो, आणि हा दावा वाचूनच मी संच मागवला. तो खरा आहे असे वाटले म्हणून नव्हे, तर प्रयोगशाळेत बसून तपासता येईल असा दावा उत्पादक सहसा छापत नाहीत म्हणून. फेब्रुवारीपासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे कोरड्या दिवसांपासून ऐन पावसाळ्यापर्यंत, आम्ही तो वापरला. त्या अनुभवावरून लिहिलेला हा अभिप्राय आहे. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण याच धर्तीचे संच आज अनेक जण विकतात आणि मला सांगायचे आहे ते बहुधा त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

संचाचे स्वरूप असे आहे. पाण्याचे विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बनवणारी एक छोटी पेशी, वायू साठवण्यासाठी तीस मिलिलिटरच्या दोन नळ्या, भार म्हणून बदलता येणारे रोध, एक चिमुकला पंखा, आणि मुख्य म्हणजे चार स्क्रू सैल करून उघडता येणारा इंधन घट. या घटात चार सेंटिमीटर लांब-रुंद कार्यक्षेत्राचे पटल, म्हणजे प्रोटॉन वाहू देणारा आणि दोन्ही बाजूंना उत्प्रेरकाचा थर दिलेला पातळ पडदा, बसते. अशी तीन पटले सोबत येतात. पहिल्यावर हवेच्या बाजूला दर चौरस सेंटिमीटरला ०.४ मिलिग्रॅम शुद्ध प्लॅटिनम आहे, दुसऱ्यावर ०.१ मिलिग्रॅम शुद्ध प्लॅटिनम, आणि तिसऱ्यावर प्लॅटिनम तेवढेच, ०.१ मिलिग्रॅम, पण कोबाल्टशी मिश्रधातू केलेले. हायड्रोजनच्या बाजूला तिन्हींवर सारखाच आणि अगदी पातळ थर आहे. सगळे मिळून, कर आणि वाहतूक धरून, अठ्ठावीस हजार रुपयांच्या आसपास पडले. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला ही रक्कम लहान नाही. मोटारीच्या खेळण्यासह येणारे स्वस्त संच याच्या पाव किमतीत मिळतात, परंतु त्यांचा घट चिकटवून बंद केलेला असतो. आत काय आहे ते विद्यार्थ्याला दिसत नाही आणि बदलून पाहताही येत नाही.

येथे परिभाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युत अपघटनात ते नीट बसते, पण इंधन घटात हायड्रोजनच्या बाजूचे ‘धनाग्र’ मीटरवर ऋण निघते आणि विद्यार्थी गोंधळतात. संचाच्या इंग्रजी पुस्तिकेत हा प्रश्नच येत नाही, म्हणून तिचे मराठी प्रयोगपत्रक तयार करताना मी सरळ ‘हायड्रोजनची बाजू’ आणि ‘हवेची बाजू’ असे लिहिले. या अभिप्रायातही तेच शब्द ठेवले आहेत.

हायड्रोजनच्या बाजूला हायड्रोजनच्या रेणूचे दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन होतात. हे काम प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर इतके झटपट होते की तेथे दर चौरस सेंटिमीटरला ०.०५ मिलिग्रॅम धातूही पुरतो. खरी अडचण हवेच्या बाजूला आहे. तेथे ऑक्सिजनच्या रेणूचा बंध तोडून, त्याला चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन देऊन पाणी करायचे असते, आणि ही अभिक्रिया हायड्रोजनच्या अभिक्रियेपेक्षा लाखो पटींनी मंद आहे. घटाचे सैद्धांतिक विभव १.२३ व्होल्ट असताना प्रत्यक्षात ०.७ व्होल्टच हाती लागते, त्यातला सर्वांत मोठा वाटा हा मंदपणा खातो. प्लॅटिनमची बहुतेक सारी गुंतवणूक या एका बाजूवर होते ती त्यामुळेच. तिन्ही पटलांत फक्त हवेच्या बाजूचा थर बदलणे हा संच तयार करणाऱ्यांचा निर्णय अचूक आहे, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पुस्तिकेत इतिहासाला अर्धे पान दिले आहे आणि ते अपुरे आहे. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास सौम्य सल्फ्युरिक आम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून असा घट चालवला, इतके सांगून ती थेट १९६५ च्या जेमिनी-५ या अमेरिकी अवकाशयानावर उडी घेते. विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी गोष्ट त्यानंतरची आहे. सुरुवातीच्या पटलांच्या घटांत प्लॅटिनमची काळी भुकटी दर चौरस सेंटिमीटरला चार मिलिग्रॅमच्या घरात लागत असे. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेने १९८०-९० च्या दशकांत ते प्रमाण दहापट आणि पुढे त्याहूनही खाली आणले, आणि त्यासाठी नवा धातू शोधला नाही. प्लॅटिनमचे नॅनोमीटरच्या मापाचे कण कार्बनच्या भुकटीवर बसवलेले होतेच. त्या भुकटीत पटलाचाच बहुवारिक (पॉलिमर) द्रावणरूपात मिसळला, एवढाच काय तो बदल. अभिक्रिया घडायची तर प्लॅटिनमच्या कणापाशी तीन वाटा एकत्र याव्या लागतात: कार्बनमधून येणारा इलेक्ट्रॉन, बहुवारिकातून येणारा प्रोटॉन आणि छिद्रांतून येणारा वायू. आमच्याकडे तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात, आणि दुकान चालते ते तिठ्यावरचे. आडवाटेला कितीही माल भरून ठेवला तरी गिऱ्हाईक येत नाही. जुन्या घटांत बहुतेक प्लॅटिनम असे आडवाटेला पडून होते. हा दाखला दिल्यावर वर्गात पुन्हा समजावून सांगावे लागले नाही.

कण लहान करण्याचा लाभही हिशेबाने दाखवता येतो. प्लॅटिनमची घनता घन सेंटिमीटरला २१.४५ ग्रॅम आहे. तीन नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांचा एकत्रित पृष्ठभाग काढला तर एका ग्रॅममागे सुमारे नव्वद चौरस मीटर येतो, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या जमिनीहून जास्त. हे गणित बारावीच्या विद्यार्थ्याला पाच मिनिटांत सुटते.

आता प्रत्यक्ष मोजमापे. हायड्रोजन पाण्याच्या पेशीतून आणि ऑक्सिजन खोलीतल्या हवेतून घेऊन, तिन्ही पटले आळीपाळीने बसवून, प्रवाह ०.८ अँपिअर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिअँपिअर असा कायम ठेवून आम्ही विभव मोजले. पहिल्या पटलावर ०.७१ व्होल्ट मिळाले, दुसऱ्यावर ०.६७ आणि मिश्रधातूच्या तिसऱ्यावर ०.७०. प्रत्येक पटल एकेकच होते, मीटर शाळेचा होता आणि शेवटच्या अंकावर माझा फारसा भरवसा नाही. तरीही तीन वेगवेगळ्या दिवशी क्रम तोच आला, आणि तो सिद्धांताशी जुळतो. प्रवाह तोच ठेवून प्लॅटिनमचा पृष्ठभाग दहापट घटवला तर साधारण ०.०७ व्होल्ट गमवावे लागतात. चारपट घटवला तर ०.०४. पहिल्या आणि दुसऱ्या पटलातला फरक नेमका तेवढा आहे. तिसऱ्याने त्यातले ०.०३ व्होल्ट परत मिळवले, याचा अर्थ मिश्रधातूतले प्लॅटिनम वजनामागे शुद्ध प्लॅटिनमच्या अडीच-तीनपट काम करत होते.

मग ‘चारपट कार्यक्षम’ कशाला म्हणायचे? पहिल्या पटलावर हवेच्या बाजूला ६.४ मिलिग्रॅम प्लॅटिनम आहे आणि तिसऱ्यावर १.६ मिलिग्रॅम, आणि दोन्ही जवळजवळ सारखीच, अर्ध्या वॅटहून थोडी अधिक शक्ती देतात. दर मिलिग्रॅम प्लॅटिनममागे मिळणाऱ्या शक्तीचा हिशेब केला तर दावा खरा ठरतो. परंतु खोके वाचणारा ग्राहक ‘कार्यक्षम’ या शब्दाचा अर्थ असा घेत नाही. त्याला वाटते की तेवढ्याच हायड्रोजनमध्ये चारपट वीज मिळेल. हायड्रोजनच्या ज्वलनउष्णतेला विभवाच्या भाषेत मांडले तर १.४८ व्होल्ट होतात. त्या मापाने पहिले पटल ४८ टक्के, तिसरे ४७ टक्के आणि दुसरे ४५ टक्के कार्यक्षम आहे. म्हणजे नवा उत्प्रेरक हायड्रोजन वाचवत नाही, उलट किंचित जास्तच खातो. तो वाचवतो प्लॅटिनम. दोन्ही बचती मोलाच्या आहेत, पण त्या एकच नव्हेत, आणि उत्पादकाने त्या एका शब्दात गुंडाळणे मला गैर वाटते. गंमत म्हणजे या एका ढिसाळ शब्दामुळेच माझ्या विद्यार्थ्यांना कार्यक्षमतेच्या दोन व्याख्या जन्मभर लक्षात राहतील.

प्लॅटिनम वाचवण्याचे महत्त्व या लहानशा घटात कळत नाही. ६.४ मिलिग्रॅम प्लॅटिनमची किंमत शंभर रुपयांच्याही आत आहे. पटल बदलून घ्यायचे तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात, ते नॅफिऑन जातीच्या बहुवारिकाचे पटल आणि थर बसवण्याची कारागिरी यांचे. मोठ्या यंत्रात चित्र पालटते. २०१४ साली आलेल्या टोयोटा मिराई मोटारीच्या ११४ किलोवॅटच्या घटसंचात सुमारे तीस ग्रॅम प्लॅटिनम असल्याचे सांगितले जाते, म्हणजे किलोवॅटमागे पाव ग्रॅमहून थोडे अधिक. हेच गुणोत्तर आमच्या पहिल्या पटलासाठी काढले तर किलोवॅटमागे अकरा ग्रॅम येते. मोटारीत दाबाखालची हवा, वाढीव तापमान आणि वायुमार्गांची बारीक रचना यांमुळे त्याच क्षेत्रफळातून कितीतरी अधिक प्रवाह घेता येतो. आमचा घट छिद्रांतून आपोआप शिरणाऱ्या हवेवर जगतो. दर चौरस सेंटिमीटरला प्लॅटिनम किती, एवढाच आकडा पाहून दोन घटांची तुलना करू नये, हे पुस्तिकेने सांगायला हवे होते. जगात खाणींतून वर्षाला पावणेदोनशे टनांच्या आसपास प्लॅटिनम निघते आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या दक्षिण आफ्रिकेचा असतो, हेही त्याच पानावर शोभले असते.

मिश्रधातूने काम का सुधारते, हे पुस्तिका एका वाक्यात उरकते. खरे तर संचाचा गाभाच तो आहे. प्लॅटिनम ऑक्सिजनला आणि अभिक्रियेच्या मध्यावर तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिल गटाला जरा जास्तच घट्ट धरते. मालवणच्या जेट्टीवर होडी बांधणाऱ्याला हा प्रश्न ठाऊक असतो. दोर फार आखूड बांधला तर ओहोटीला होडी लटकते, फार सैल सोडला तर ती शेजारच्या होडीवर आदळते. उत्प्रेरकानेही रेणूला बंध तुटेल इतके धरायला हवे आणि पाणी झाल्यावर सोडून द्यायला हवे. कोबाल्ट किंवा निकेलचे अणू प्लॅटिनमच्या अणूंपेक्षा लहान असतात. ते आत मिसळले की पृष्ठभागावरच्या प्लॅटिनमच्या अणूंमधले अंतर किंचित आखडते, त्यांच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलते आणि पकड थोडी सैल होते. २००७ साली स्टॅमेन्कोविच, मार्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, तीन भाग प्लॅटिनम आणि एक भाग निकेल अशा एकस्फटिकाचा विशिष्ट पृष्ठभाग त्याच रचनेच्या शुद्ध प्लॅटिनमपेक्षा दहापट सक्रिय असतो. त्या शोधानंतर पोकळ चौकटींसारखे कण, आत स्वस्त धातू आणि वर प्लॅटिनमचा एकच अणुथर असलेले कण, खडबडीत नॅनोतारा अशा रचना जगभरच्या प्रयोगशाळांत झाल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांचे आकडे काचेच्या भांड्यात आम्लद्रावणात मोजलेले आहेत. पटलावर थर बसवून घट चालवला की त्यांतला मोठा भाग हरवतो. आमच्या तिसऱ्या पटलाने अडीच-तीनपट सुधारणा प्रत्यक्ष घटात दाखवली, ती दहापटीपुढे किरकोळ वाटेल, पण हातात धरता येते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी या संचाला पाचपैकी साडेचार गुण देण्याच्या विचारात होतो.

आमची प्रयोगशाळा समुद्रापासून दोनशे मीटरवर आहे. मध्ये सुरूची झाडे आहेत, तरी दुपारनंतर सुटणारा खारा वारा खिडक्यांच्या गजांचा रंग दर वर्षी खातो आणि कुलपांत तेल घालणे हे शिपाईकाकांचे नेमाचे काम असते. संचाच्या पुस्तिकेत खाऱ्या हवेचा उल्लेख कोठेही नाही. एप्रिलमध्ये पहिली शंका आली, आणि मेच्या अखेरीस त्याच ०.८ अँपिअरला पहिले पटल ०.६९ व्होल्ट, दुसरे ०.६० आणि मिश्रधातूचे तिसरे ०.६२ व्होल्ट देऊ लागले. भरपूर प्लॅटिनमचे पटल ०.०२ व्होल्टने उतरले होते, तर कमी प्लॅटिनमची दोन्ही ०.०७ ते ०.०८ व्होल्टने.

कारण खारेपणच आहे की आणखी काही, हे पाहण्यासाठी आम्ही एक साधी परीक्षा केली. हवेच्या बाजूची छिद्रांची पट्टी काढून ऊर्ध्वपातित पाण्याने धुतली आणि त्या धुवणात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पाणी दुधाळ झाले, म्हणजे त्यात मिठातले क्लोराइड होते. कपाटात बंद ठेवलेल्या सुट्या पट्टीच्या धुवणात तसे काही दिसले नाही. क्लोराइड आयन प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर चिकटून ऑक्सिजनच्या जागा अडवतात आणि धातू हळूहळू विरघळण्यास मदतही करतात. सोडियम आयन पटलात शिरून प्रोटॉनांच्या जागा बळकावतात, त्यामुळे पटलाचा रोध वाढतो. ज्याच्यापाशी पृष्ठभाग मुबलक आहे त्याचा थोडा भाग अडला तर बिघडत नाही, पण प्लॅटिनम आधीच काटकसरीने वापरलेल्या पटलाला राखीव असे काहीच उरलेले नसते. मिश्रधातूच्या बाबतीत आणखी एक भर पडते. आम्लधर्मी परिसरात कोबाल्ट हळूहळू बाहेर झिरपतो आणि त्याचे आयनही पटलात सोडियमसारखाच उपद्रव करतात. प्लॅटिनम घटवण्याच्या संशोधनात गेली काही वर्षे सक्रियतेइतकाच टिकाऊपणावर भर का आहे, हे मला एवढे दिवस वाचून माहीत होते. मेमध्ये ते मीटरवर दिसले.

थोडे नुकसान भरून काढता आले. घट दहा मिनिटे अँपिअरमापकातून जवळजवळ लघुपथित (शॉर्ट सर्किट) ठेवून चालवला, म्हणजे हवेच्या बाजूचे विभव खाली येते, क्लोराइडची पकड सुटते आणि तयार होणारे पाणी त्याला धुऊन नेते. असे तीन-चार वेळा केल्यावर तिसरे पटल ०.६६ व्होल्टपर्यंत परतले. सोडियम मात्र असा जात नाही. सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून तो काढता येतो, पण थर बसवलेल्या पटलावर तसे करायला पुस्तिकेची मनाई आहे आणि मी तो धोका पत्करला नाही.

एक चूक आमची स्वतःची होती. मी रजेवर असताना ऊर्ध्वपातित पाणी संपले आणि पाण्याच्या पेशीत विहिरीचे पाणी भरले गेले. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अर्ध्या तासात पेशीला ब्लीचिंग पावडरसारखा वास येऊ लागला, कारण क्लोराइडपासून क्लोरीन सुटत होता, आणि नेहमी १.७ व्होल्टवर चालणारी पेशी २.२ व्होल्ट मागू लागली. ती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. या पेशीत ऑक्सिजनच्या बाजूला प्लॅटिनम नसते, इरिडियमचे ऑक्साइड असते, आणि इरिडियम जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघते. म्हणजे हायड्रोजन बनवण्याची बाजू वापरण्याच्या बाजूपेक्षाही अधिक दुर्मीळ धातूवर उभी आहे. पेशीवर ‘फक्त ऊर्ध्वपातित पाणी’ असे इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिले आहे. मी आता तेथे लाल शाईने मराठी चिठ्ठी चिकटवली आहे.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. पटल ओलसर असेल तरच प्रोटॉन नीट वाहतात, म्हणून घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत अशा घटाला आर्द्रता पुरवावी लागते. कोकणात त्याची गरज फारशी भासली नाही, हा या हवामानाचा एकमेव फायदा म्हणावा. जुलैमध्ये मात्र तयार होणारे पाणी सुकेनासे झाले, हवेच्या छिद्रांत थेंब धरून बसू लागले आणि विभव मिनिटागणिक खाली येऊ लागले. घट उभा ठेवून छिद्रांवर टिपकागद फिरवला की विभव परत वर येते. हवेच्या बाजूला छोटा पंखा लावला की त्रास जवळजवळ संपतो, परंतु संचातला पंखा भार म्हणून दिलेला आहे, तो या कामाचा नाही. आम्ही संगणकाचा जुना पंखा बाहेरच्या विजेवर लावला.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या खोक्यात एक रबरी चकती कमी होती. ती मागितल्यावर दहा दिवसांत कुरिअरने आली, आणि मालवणपर्यंत दहा दिवस ही तक्रार नव्हे. खाऱ्या हवेविषयी विचारले तेव्हा उत्तर आले की, संच ‘सामान्य प्रयोगशाळेच्या परिस्थितीत’ वापरण्यासाठी आहे. सातशेहून अधिक किलोमीटर किनारा असलेल्या राज्यात समुद्राकाठची प्रयोगशाळा असामान्य कशी, हे मी पुन्हा विचारले. त्या पत्राला उत्तर आले नाही.

हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेपुरता नाही. पालक-भेटीच्या दिवशी पर्यटकांना किल्ल्यावर नेणाऱ्या होडीचे मालक असलेले एक पालक पंख्याकडे बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “सर, ह्येच्यार आमची होडी चलतली काय?” मी त्यांना कोची जहाजबांधणी कारखान्यात तयार झालेल्या पन्नास आसनी हायड्रोजन नौकेची माहिती दिली, जिचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. कोकणाच्या दुसऱ्या टोकाला अंबरनाथ येथील नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी फॉस्फोरिक आम्लाचे इंधन घट विकसित केले आहेत आणि त्यांतही उत्प्रेरक प्लॅटिनमच आहे, हेही सांगितले. पण त्यांनी पुढे विचारले की, समुद्रात खारी हवा लागून हे यंत्र बिघडणार नाही का, तेव्हा मी त्यांना पुस्तिकेऐवजी मेमधली आमची वही दाखवली. समुद्रावर चालणाऱ्या घटाला हवेचा चांगला गाळणा लागतो, आणि प्लॅटिनम जितके कमी तितका तो गाळणा महत्त्वाचा. ज्या दिवशी कोणी ‘चारपट कार्यक्षम’ उत्प्रेरक होडीवर बसवायला येईल त्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न गाळण्याचा विचारावा, असे मी त्यांना सुचवले. बंदरावर डिझेलच्या दरावरून रोज वाद घालणाऱ्या माणसाला हे लगेच पटले.

हा संच कोणी घ्यावा? ज्यांना विद्युतरसायन खरोखर शिकवायचे आहे आणि घट उघडून मोजण्याची ज्यांची तयारी आहे त्यांनी अवश्य घ्यावा. तीन पटलांची तुलना हाच त्याचा प्राण आहे आणि ती अन्य कोणत्याही स्वस्त संचात मला आढळली नाही. केवळ विज्ञान प्रदर्शनात पंखा फिरवून दाखवायचा असेल तर अठ्ठावीस हजार खर्चू नयेत. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी पटले वापरानंतर हवाबंद पिशवीत ठेवावीत, घट खिडकीपासून दूर चालवावा आणि पहिल्याच दिवशीची मोजमापे वहीत नोंदवून ठेवावीत, नाहीतर नंतरची घसरण कशाशी ताडून पाहणार? माझ्या लेखी संचाला पाचपैकी साडेतीन गुण. एक गुण मी पुस्तिकेसाठी कापला आणि अर्धा त्या अनुत्तरित पत्रासाठी.

नव्या शैक्षणिक वर्षासाठी मी दोन पटले मागवली आहेत, एक ०.४ मिलिग्रॅमचे आणि एक मिश्रधातूचे. हवेच्या बाजूला लावण्यासाठी सक्रियित कोळशाचे कापड आणि त्यापुढे बारीक जाळीचा गाळणा आम्ही स्वतःच बसवणार आहोत, आणि या वेळी एक घट गाळण्यासह, एक गाळण्याविना, असे दोन्ही त्याच खिडकीत मेपर्यंत ठेवायचे ठरले आहे.